वीज गेल्याचे तास बिलावर का नसतात?

घरगुती वीजबिल हाती घेतले की त्यावर किती गोष्टी मोजलेल्या असतात, हे पाहण्यासारखे आहे. मागील वाचन, चालू वाचन, वापरलेली युनिट्स, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांच्या वापराचा मोबदला), इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, आणि मुदत टळली तर विलंब आकार. पैशापैशाचा हिशेब असतो. मात्र त्याच महिन्यात आपल्या घरची वीज किती वेळा गेली आणि एकूण किती तास नव्हती, ही नोंद निदान आमच्या बिलावर तरी मी कधी पाहिलेली नाही. खंडित पुरवठ्याबद्दल कंपन्यांना जाब विचारता येत नाही, याचे मुख्य कारण मला हेच वाटते. जे मोजून आपल्या हाती दिले जात नाही, त्याचा जाब कशाच्या आधारे विचारणार?

कायदा नाही, असे मुळीच नाही. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 57 नुसार सेवेची मानके ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाला आहे, आणि ती न पाळणाऱ्या परवानाधारकावर, म्हणजे वीज कंपनीवर, बाधित ग्राहकाला भरपाई देण्याचे बंधन आहे. कलम 59 प्रमाणे कंपनीने आपली कामगिरी कशी राहिली, भरपाईची प्रकरणे किती झाली आणि एकूण रक्कम किती दिली, ही माहिती आयोगाला द्यायची असते, आणि आयोगाने ती वर्षातून किमान एकदा प्रसिद्ध करायची असते. महाराष्ट्रात यासाठी 2021 चे विनियम आहेत. फ्यूज उडाला, वरची वाहिनी तुटली, भूमिगत केबल बिघडली किंवा रोहित्र जळले, तर पुरवठा किती वेळात पूर्ववत व्हायला हवा हे त्यांत शहराच्या वर्गवारीनुसार ठरवून दिलेले आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. ज्या बाबींवर दूरस्थ यंत्रणेने लक्ष ठेवता येते, त्यांत कसूर सिद्ध झाल्यास भरपाई आपोआप मिळावी, असे त्या नियमांनी सांगितले. ग्राहकाने मागावी, मग द्यावी, असे नव्हे, आपोआप. माझ्या परिचयातल्या एकाही घराच्या बिलात अशी भरपाई वळती झालेली मी ऐकलेली नाही.

हे कुठे अडते, ते गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या आमच्या इमारतीत जवळून पाहायला मिळाले. रात्री जेवणाच्या सुमारास एक फेज गेला. अर्ध्या घरांत दिवे, अर्ध्या घरांत अंधार, लिफ्ट बंद आणि पाण्याचा पंपही बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, त्यामुळे शेजारच्या घरातून जिन्यात एक्स्टेन्शन बोर्ड ओढून त्यांचे यंत्र सुरू ठेवावे लागले. मी हेल्पलाइनला फोन लावला. आधी बराच वेळ ध्वनिमुद्रित सूचना ऐकली, मग तक्रार क्रमांक मिळाला. तासाभरात दोन माणसे आली. त्यांनी मीटर केबिन उघडून कटआउट तपासले, बाहेरच्या फीडर पिलरपर्यंत, म्हणजे केबल जोडलेल्या रस्त्यावरच्या पेटीपर्यंत, जाऊन पाहिले आणि केबलचा दोष असल्याचे सांगून ती निघून गेली. थोड्याच वेळात माझ्या मोबाईलवर एसएमएस आला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. मी तो अंधारातच वाचला.

पुन्हा फोन केल्यावर पलीकडच्या मुलीने अत्यंत सौजन्याने सांगितले, "मॅडम, ती तक्रार बंद झालेली दिसते आहे, मी नवीन नोंदवून घेते." नवीन क्रमांक मिळाला. खरी गोम इथेच आहे. पुरवठा पूर्ववत करण्याची मुदत तक्रार मिळाल्यापासून मोजली जाते. जुनी तक्रार बंद आणि नवी सुरू, म्हणजे घड्याळाचे काटे पुन्हा शून्यावर. मध्यरात्रीनंतर फॉल्ट शोधणारी गाडी आली, पदपथ खणला गेला, आणि ताडपत्रीखाली दोन कामगार भर पावसात जॉइंट मारत बसले. सोसायटीतल्या एका काकूंनी विचारले, "दादा, अजून किती वेळ?" त्यावर त्यांच्यापैकी एकाने मान वर न करता सांगितले, "ओल गेल्याशिवाय जॉइंट बंद करता येत नाही काकू, नाहीतर उद्या पुन्हा उडेल." त्या माणसांविषयी माझी तक्रार नाही. सकाळी वीज आली, तेव्हा कंपनीच्या दफ्तरी बहुधा दोन स्वतंत्र तक्रारी होत्या, दोन्ही निवारण झालेल्या, आणि सलग अंधाराची एक रात्र कुठेच नव्हती.

कंपन्या आयोगाला विश्वासार्हतेचे निर्देशांक कळवतात. वर्षभरात सरासरी ग्राहकाची वीज किती वेळा आणि किती मिनिटे गेली, हे त्यांतून समजते, आणि मुंबईचे आकडे राज्याच्या इतर भागांच्या तुलनेत चांगले दिसतात यात शंका नाही. परंतु सरासरी ही सरासरीच असते. एका जुन्या केबलवरच्या चार इमारतींना दर पावसाळ्यात बसणारा फटका लाखो ग्राहकांमध्ये वाटला की त्याचे सेकंदही उरत नाहीत. भरपाई सरासरी ग्राहकाला द्यायची नसून बाधित ग्राहकाला द्यायची आहे. तेव्हा मोजणीही त्याच्या मीटरवर व्हायला हवी.

मुंबईत आणखी एक गुंता आहे. शहर भागात बेस्ट, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, आणि उपनगरांच्या मोठ्या भागात अदानी व टाटा. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज पुरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यानंतर उपनगरांत चेंजओव्हर सुरू झाला. तारा एका कंपनीच्या, वीज आणि बिल दुसऱ्या कंपनीचे. दर निवडण्याची ही सोय चांगलीच आहे. पण केबल जळाली की ती दुरुस्त करते तारांची मालक, आणि बिल ज्या कंपनीचे येते तिचा त्या केबलशी संबंध वहन आकारापुरता. सामान्य ग्राहकाला हा भेद कळतो तो बहुधा रात्रीच, फोनवर.

याच्याही पुढचे उदाहरण 12 ऑक्टोबर 2020 चे. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास अवघी मुंबई ठप्प झाली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि काही उपनगरांत वीज यायला संध्याकाळ उलटली. बिघाड वीज दूरवरून शहरापर्यंत आणणाऱ्या पारेषण यंत्रणेत, कळवा-पडघा परिसरात झाला होता. राज्याच्या ग्रिडमध्ये गोंधळ झाला तर मुंबई आपोआप वेगळी होऊन स्वतःच्या निर्मितीवर चालावी, यासाठी असलेली आयलंडिंगची व्यवस्था त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. चौकशा झाल्या, घातपाताची चर्चाही झाली. ग्राहकाचा प्रश्न मात्र साधा होता: माझा करार वितरण कंपनीशी आहे, ती म्हणते दोष पारेषणाचा, आणि पारेषण कंपनीशी माझा काहीच व्यवहार नाही, तर मी उभे राहायचे कोणाच्या दारात? वितरण कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी तिला दंड नको, हे मला मान्य आहे. 26 जुलै 2005 सारख्या प्रलयात पाण्यात बुडालेल्या भागाची वीज बंद ठेवणे हे तर कर्तव्यच होते. परंतु सूट मिळाली म्हणून नोंद टाळायचे कारण नाही. तास छापावेत, शेजारी कारण छापावे, आणि भरपाई लागू आहे की नाही तेही छापावे.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे आता कोणी सांगू नये. स्मार्ट मीटर वीज गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदवू शकतो, हा तर त्याच्या प्रचारातला एक मुद्दाच आहे. जो मीटर माझे प्रत्येक युनिट कंपनीला कळवतो, त्याने मला माझे अंधाराचे तासही कळवावेत.

आमच्या सोसायटीने दिलेल्या अर्जात आम्ही भरपाईची रक्कम लिहिलेलीच नाही. त्या रात्री आमच्या फीडरवरचा, म्हणजे आमच्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीवरचा, पुरवठा कधी गेला आणि कधी आला याच्या नोंदीची प्रत, पहिली तक्रार कोणत्या कारणाने बंद केली याचा खुलासा, आणि दोन्ही तक्रारी एकच धरून मुदत मोजावी ही विनंती, एवढेच त्यात आहे. कंपनीकडून पोच मिळाली आहे. समाधानकारक उत्तर न आल्यास अर्ज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाईल आणि तिथेही न पटल्यास विद्युत लोकपालांकडे. सोबत दोन्ही तक्रार क्रमांक असतील आणि त्या एसएमएसचा, वेळेसकट दिसणारा, स्क्रीनशॉट असेल.