अटक पंचनामा आणि तळपाय

कोठडीतल्या छळाविरुद्ध काम करते म्हटलं की लोकांना जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या बैठका आठवतात. माझं बरंचसं काम तळपाय बघण्याचं. तिथे पट्ट्याने मारलं की वरून फारसं दिसत नाही, सूजही उतरते. पण माणूस टाच टेकत नाही. ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ (१९९९), म्हणजे छळाच्या खुणा नोंदवण्याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका, हीच नोंद कशी घ्यायची ते शिकवतो.

मग अटक पंचनामा. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेची तारीख-वेळ, साक्षीदाराची सही, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. वेळेच्या रकान्यात खाडाखोड दिसली की मी तिथेच थांबते.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, अनुमोदन मात्र अजून दिलेलं नाही. याची झळ तपासयंत्रणांनाही बसते: पुरुलिया शस्त्रप्रकरणातला (१९९५ साली पश्चिम बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकली गेली, ते प्रकरण) डॅनिश आरोपी किम डेव्ही याला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये भारताच्या हवाली केलं नाही, इथे छळ होईल म्हणून.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनो, आधी रिमांडच्या वेळी जिल्हा न्यायालयात उभे राहा. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं न्यायाधीश विचारतात, तेव्हा आरोपीचा दंड धरून हवालदार शेजारीच असतो. त्याला बाहेर पाठवा, असा अर्ज कसा लिहायचा ते मी आनंदाने शिकवेन.