एज ऑफ एम्पायर्स २ चा मॅप गटात टाकण्याआधी

एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढाया करण्याचा संगणकावरचा खेळ आला १९९९ साली. पुढच्या वर्षी द कॉन्करर्स ही पुरवणी, २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन. इतकी वर्षं लोक तोच खेळ आवडीने खेळतात, आणि त्यात खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या मॅपचा वाटा फार मोठा आहे. अरेबिया, अरीना, ब्लॅक फॉरेस्ट हे खेळातले नेहमीचे मॅप खेळून झाले की माणूस नवे मॅप शोधायला लागतो. मग चार ओळखीचे लोक मिळून गट काढतात, फाइली जमायला लागतात, आणि थोड्याच दिवसांत कुठली फाइल नीट चालते हे कुणालाच सांगता येत नाही. गट बंद पडतात ते बहुतेक इथेच. मॅपची कमतरता कधीच नसते, तपासलेल्या मॅपची असते.

मॅप दोन प्रकारचे. सिनॅरिओ म्हणजे खेळातल्याच एडिटरमध्ये हाताने रंगवलेला, प्रत्येक वेळी तसाच निघणारा मॅप. कॅसल ब्लड ऑटोमॅटिकसारखे ट्रिगरवर, म्हणजे ‘अमुक झालं की तमुक कर’ अशा सूचनांवर, चालणारे खेळ याच प्रकारातले. दुसरा प्रकार रँडम मॅप स्क्रिप्टचा, ज्याला सगळे आरएमएस म्हणतात. ही साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात नियम लिहिलेले असतात आणि दर डावाला खेळ त्या नियमांवरून नवा मॅप तयार करतो. स्पर्धात्मक खेळ याच मॅपवर होतो आणि तपासायला अवघड तोच, म्हणून पुढचं बहुतेक सगळं आरएमएसबद्दल.

स्क्रिप्टचे सात भाग असतात. खेळ ते ठरावीक क्रमाने घेतो: खेळाडूंची मांडणी, जमीन, उंचवटे, कडे, भूप्रकार म्हणजे जंगल-पाणी-वाळू, जोडरस्ते, आणि सर्वांत शेवटी वस्तू. टाउन सेंटर म्हणजे खेळाडूची मुख्य इमारत (टीसी), गोल्ड, स्टोन, बेरीज, बोर म्हणजे रानडुक्कर, शीप हे सगळं या शेवटच्या भागात येतं. याचा अर्थ गोल्डची पाळी येते तेव्हा जंगल आधीच उगवलेलं असतं. जागा उरली नसेल तर गोल्ड पडत नाही, आणि खेळ त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. ना इशारा, ना चूक दाखवणारी खिडकी. आरएमएसमधल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हे आहे.

आकड्यांत बघा. मेन गोल्ड, म्हणजे टीसीजवळचा सोन्याचा मुख्य साठा, ७ टाइलचं (टाइल म्हणजे मॅपचा एक चौकोन), एका टाइलमध्ये ८०० गोल्ड, म्हणजे ५६००. जंगलाच्या कडेला अडकून एका खेळाडूला ४ च टाइल मिळाल्या तर त्याचे २४०० गेले. एका नाइटला, म्हणजे चिलखती घोडेस्वाराला, ७५ गोल्ड लागतं, म्हणजे ३२ नाइट सुरुवातीलाच गेले. एक बोर पडला नाही तर ३४० फूड गेलं. व्हिलेजर म्हणजे कामकरी ५० फूडचा, म्हणजे जवळजवळ सात व्हिलेजरचा खर्च, आणि तोही डार्क एज या पहिल्या युगात, जेव्हा एक एक व्हिलेजर मोलाचा असतो. हरणारा खेळाडू म्हणतो मॅप वाईट आहे, जिंकणारा म्हणतो तुला खेळता येत नाही. दोघांनीही मिनिमॅप, म्हणजे मॅपचा छोटा नकाशा, उघडून टाइल मोजलेल्या नसतात.

उपाय मुख्यतः क्रमाचा आहे. वस्तूंच्या भागात आधी टाउन सेंटर, व्हिलेजर, स्काउट. लगेच मेन गोल्ड आणि स्टोन, कारण त्यांना एकमेकांना चिकटून सलग रिकाम्या टाइल लागतात. मग बेरीज, बोर, शीप, हरणं. लांबची गोल्ड, रेलिक, लांडगे त्यानंतर. सुटी झाडं, दगडगोटे, फुलं अगदी शेवटी. नवा मॅपकार हमखास सजावट वर लिहितो, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, आणि मग फुलांच्या झुडपांमुळे स्टोनला जागा उरत नाही. मेन गोल्डसाठी टीसीपासून किमान १२ आणि कमाल १६ टाइल हे अंतर चांगलं चालतं. तपासताना गोल्ड गळत असेल तर जंगल कमी करण्याआधी कमाल अंतर दोन-तीन टाइलने वाढवून बघावं. पट्टा थोडा रुंद झाला की जागा सापडते आणि मॅपचा चेहरामोहरा बदलत नाही.

खेळाडूच्या वस्तूंमध्ये आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, ‘सेट_प्लेस_फॉर_एव्हरी_प्लेअर’ या ओळीबरोबर ‘सेट_गाया_ऑब्जेक्ट_ओन्ली’ आहे का. नसेल तर ती वस्तू निसर्गाची न राहता थेट खेळाडूच्या मालकीची होते. दोन, ‘ग्रुप_व्हेरिअन्स’ शून्य आहे का. शून्य नसेल तर एकाला चार हरणं आणि दुसऱ्याला दोन असं होऊ शकतं. कधी तीन तर कधी चार हरणं हवीच असतील तर ती निवड ‘स्टार्ट_रँडम’मध्ये करावी. तो फासा स्क्रिप्ट वाचतानाच एकदा पडतो, त्यामुळे जे येईल ते सगळ्यांना सारखं येतं. त्या फाशाच्या टक्केवारीची बेरीज मात्र १०० करावी. ६० च भरली तर उरलेल्या वेळी काहीच निवडलं जात नाही, आणि जंगलाचा प्रकार अशा फाशावर सोडला असेल तर दहातल्या चार डावांत मॅपवर जंगलच नसतं.

आता रिकाम्या जागेबद्दल, म्हणजे स्पेसबारबद्दल. आरएमएसमध्ये प्रत्येक शब्द, प्रत्येक महिरपी कंस आणि टिपणाची प्रत्येक खूण स्पेसने वेगळी झालेली असावी लागते. टिपण, म्हणजे खेळाने वगळायचा मजकूर, /* ने सुरू होतं आणि */ ने संपतं. शेवटचा शब्द */ ला चिकटला तर खेळाच्या लेखी टिपण संपलेलंच नसतं आणि पुढची सगळी फाइल टिपण म्हणून सोडून दिली जाते. मॅप उघडला आणि नुसतं गवताचं सपाट मैदान दिसलं, तर आधी हेच बघायचं. महिरपी कंसाचंही तसंच, उघडणारा मागच्या शब्दाला चिकटला की तो भाग वाचला जात नाही. हे शोधायला नोटपॅडपेक्षा रंग दाखवणारा एडिटर बरा. नोटपॅड++ पुरतं.

उंचवट्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. या खेळात वरून खाली मारलं तर नुकसान २५ टक्के जास्त होतं, खालून वर मारलं तर २५ टक्के कमी. म्हणून टीसीशेजारी टेकडी असणं ही शोभेची गोष्ट नाही. एका खेळाडूचं मेन गोल्ड टेकडीच्या माथ्यावर आणि दुसऱ्याचं पायथ्याशी निघालं, तर फ्यूडल या दुसऱ्या युगातल्या तिरंदाजांच्या पहिल्याच चकमकीत फरक कळतो. टेकड्या हव्यात, पण टीसीभोवतीची जमीन सपाट निघते का ते प्रत्येक सीडवर, म्हणजे ज्या आकड्यावरून मॅप तयार होतो त्या प्रत्येक आकड्यावर, डोळ्यांनी बघायला हवं.

पाण्याच्या मॅपवर झोन, म्हणजे स्क्रिप्टमध्ये पाडलेले जमिनींचे गट, बघायचे. एकाच झोनमधल्या जमिनी एकमेकींना चिकटू शकतात. वेगळे झोन देऊनही ‘अदर_झोन_अव्हॉइडन्स_डिस्टन्स’ दिलं नाही तर दोन शत्रूंची बेटं मधल्या पट्टीने जोडली जाऊ शकतात, आणि मग एकजण गलबतं बांधत बसतो तेव्हा दुसऱ्याचा स्काउट चालत येतो. जंगलाच्या मॅपवर याच्या उलट भीती असते, खेळाडू झाडांमध्ये पूर्ण कोंडला जाण्याची. त्यासाठी जोडरस्त्यांचा भाग आहे. तो भूप्रकारानंतर चालतो आणि झाडं बदलून तिथे वाट करतो. बंद मॅप मुद्दामच करायचा असेल तर तसं वर्णनात लिहावं.

मोजणीतला अजून एक सापळा. मॅपच्या आकाराप्रमाणे संख्या वाढवणारी ओळ १०० बाय १०० टाइल धरून हिशोब करते. दोघांच्या टायनी मॅपला बाजू १२० टाइलची असते, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे दीडपट. नॉर्मलची बाजू २००, म्हणजे चौपट. लांडग्यांचे ३ गट लिहिले की नॉर्मलवर ते १२ होतात. टायनीवर तपासलेला मॅप चार विरुद्ध चारला चालेलच असं म्हणून धरू नये. लार्जची बाजू २२० आणि जायंटची २४०. जिथे चालतो म्हणून सांगणार, तो प्रत्येक आकार वेगळा तपासायचा.

तपासणीची आम्हाला पटलेली रीत अशी. सिनॅरिओ एडिटर उघडायचा, खेळाडूंची संख्या ठरवायची, रँडम मॅपमध्ये आपली स्क्रिप्ट आणि आकार निवडून मॅप तयार करायचा. सीडचा आकडा लिहून घ्यायचा. मग प्रत्येक खेळाडूसाठी मोजायचं: मेन गोल्ड ७, स्टोन ५, बेरीज ६, बोर २, शीप ८, शिवाय हरणं आणि लांबची दोन गोल्ड. सर्वांत जवळचं जंगल टीसीपासून किती टाइलवर आहे तेही. एकास एक मॅपसाठी २० सीड, संघाच्या मॅपसाठी १० तरी. एका सीडला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे तासाभरात काम होतं. वीसमध्ये एकदाही काही गळलं तर मॅप परत पाठवायचा. वीसमधला एक म्हणजे पाच टक्के, आणि पन्नास डाव खेळणाऱ्या गटाला तो दोन-तीनदा भेटणारच. संगणकाविरुद्ध डाव लावून बघणं उपयोगी आहे, पण समतोल त्यातून कळत नाही. वस्तूंपर्यंत पोचता येतं की नाही, इतकंच कळतं.

सह्याद्रीवर मॅप करायचा मोह आपल्याकडे होणारच. तो जरूर करावा, पण भूगोल न्याय्य नसतो हे मनात धरून. समुद्र, कोकणाची चिंचोळी पट्टी, कडे आणि मग देश अशी मांडणी केली आणि एकाला खाली, दुसऱ्याला वर बसवलं, तर खालच्याला मासळी आणि बंदर मिळतं, पण घाट चढताना प्रत्येक लढाईत २५ टक्क्यांचा फटकाही बसतो. त्यापेक्षा खेळाडू उत्तर-दक्षिण बसवावेत, म्हणजे दोघांच्या वाट्याला थोडं कोकण आणि थोडा देश येतो. कडे ओलांडता येत नाहीत, त्यामुळे सगळा खेळ घाटांवर. त्यांना बोर घाट, थळ घाट, आंबा घाट अशी तीन नावं देऊन एक बरोबर मधोमध आणि दोन दोघांपासून सारख्या अंतरावर ठेवावेत. कडे नेमक्या जागी हवे असतील तर सिनॅरिओ बरा, आरएमएसमधले कडे कुठे पडतील ते सांगता येत नाही. आणि पडद्यावर मॅप हिऱ्यासारखा तिरका दिसतो, म्हणून एका कडेला सरळ लावलेली किनारपट्टी डावीकडे न दिसता डाव्या वरच्या किंवा डाव्या खालच्या बाजूला दिसते. पश्चिम कुठली ते आधी ठरवा, मग रंगवा.

सिनॅरिओच्या तपासणीत ट्रिगर आधी बघायचे. टाइमर नसलेला लूप ट्रिगर सतत चालत राहतो. त्यात सैनिक तयार करण्याचा परिणाम असेल तर मॅप लवकरच सैनिकांनी भरतो आणि सगळ्यांचा खेळ अडखळायला लागतो.

आता फाइल. विंडोज फाइलनावाची शेपटी लपवतं, त्यामुळे नोटपॅडमधून जतन केलेली फाइल आरएमएस दिसते, पण खरी ‘आरएमएस डॉट टीएक्सटी’ असते आणि खेळाला ती सापडत नाही. ‘मॅप दिसत नाही’ अशा तक्रारीवर पहिला प्रश्न हाच विचारावा. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये ती युजरच्या गेम्स फोल्डरमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २ डीई’, मग लांबलचक आकड्याचं फोल्डर, मग मॉड्स, लोकल, मॉडचं नाव, रिसोर्सेस, ‘_कॉमन’ आणि शेवटी ‘रँडम-मॅप-स्क्रिप्ट्स’ इथे ठेवायची. एक पायरी चुकली तरी मॅप यादीत येत नाही.

व्हर्जनच्या बाबतीत अजिबात सवलत देऊ नये. एक अक्षर बदललं तरी नावाचा आकडा वाढला पाहिजे. त्याच नावाने सुधारलेली फाइल टाकली की अर्ध्या लोकांकडे जुनी राहते, आणि मग दोन वेगळ्या मॅपवर एकाच नावाने वाद चालतो. ‘फायनल’, ‘नवा फायनल’ अशी नावं घेऊच नयेत, नुसते आकडे असावेत.

तक्रारीत पाच गोष्टी मागाव्यात: व्हर्जन, आकार, खेळाडूंची संख्या, सीड आणि मिनिमॅपचा फोटो. स्क्रिप्ट, आकार आणि खेळाडू तेच असतील तर त्या सीडवरून तोच मॅप परत काढता येतो, आणि मॅपकाराला गळलेलं गोल्ड स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. सीडशिवाय आलेली ‘मॅप अनबॅलन्स्ड आहे’ ही तक्रार नम्रपणे परत करावी. त्यावर काम करायला काही हातातच नसतं.

श्रेयाचा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा. आरएमएस उघडी फाइल आहे, कुणीही वाचून उचलू शकतं, आणि शिकण्याचा चांगला मार्गही तोच आहे. म्हणून फाइलीच्या माथ्यावर टिपणात मॅपकाराचं टोपणनाव, कुठल्या मॅपवरून घेतलं, काय बदललं आणि तारीख एवढं असावंच. दुसऱ्याचा मॅप बदलून टाकायचा असेल तर आधी विचारावं. उत्तर आलं नाही तर नाव वेगळं द्यावं आणि मूळ मॅपकाराचा उल्लेख करावा. दोन्ही बाजूंना स्पेस सोडायला मात्र विसरू नये, श्रेयाची ओळ लिहिताना */ चिकटून अख्खा मॅप गवत झाल्याचं बऱ्याचदा होतं.

जुनी व्हर्जन पुसू नयेत. प्रत्येक मॅपचं एक फोल्डर, त्यात सगळी व्हर्जन, तपासलेल्या सीडची यादी आणि प्रत्येक आकाराचा एक मिनिमॅप. व्हर्जन ४ मध्ये स्टोन गळायला लागला तर ३ आणि ४ शेजारी उघडून तेच सीड लावायचं. चूक बहुतेक वेळा वस्तूंच्या भागात वर सरकलेल्या एखाद्या ओळीत सापडते.