कार्ड भरलंय, मग सही कशाला?

"बाबांनी अवयवदानाचं कार्ड भरलं होतं ना, मग आमची सही कशाला?" आज आयसीयूबाहेर एका मुलाने अवयवदान समन्वयकाला विचारलं. प्रश्न रास्त आहे.

अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात दोन साक्षीदारांसमोर (त्यातला एक जवळचा नातेवाईक) लिहून दिलेल्या इच्छेला मान आहे. प्रत्यक्षात घरचे नाही म्हणाले की रुग्णालयं सहसा थांबतात.

अवयव घेण्याआधी मेंदूमृत्यू (मेंदूचं काम कायमचं थांबणं) झालाय का, हे चार डॉक्टर ठरवतात. प्रत्यारोपणाच्या टीमचा त्यात कोणीही नसतो. चाचण्या दोनदा, मध्ये किमान ६ तास. त्यातल्या अ‍ॅप्निया (श्वास थांबल्याच्या) चाचणीत ऑक्सिजन देत व्हेंटिलेटर काढतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी पाऱ्यावर पोचूनही श्वासाची हालचाल नसेल, तरच ती मेंदूमृत्यूच्या बाजूने धरतात.

घरच्यांना मात्र मॉनिटरवर चालू हृदय दिसतं, हात गरम लागतो. सही मागायची ती नेमकी तेव्हा!

थांबायलाही फार वेळ नसतो. मेंदू गेल्यावर रक्तदाब कोसळतो, लघवी लिटरांनी जाते, सोडियम चढतं, अवयव हातचे जातात. काढलेलं हृदय तर जेमतेम ४ ते ६ तास टिकतं.

मला विचाराल तर लेखी इच्छाच वरचढ असावी. पण रडणाऱ्या बायकोला डावलून ती अमलात आणायची कोणी?