स्किन स्लाइड लॉग ३ : घामाच्या नळीचा पाठलाग

तर मंडळी, माणसाच्या त्वचेच्या त्या दोन विकतच्या मायक्रोस्कोप स्लाइडचं, एक ‘पाम’ (तळहात) आणि एक ‘स्काल्प’ (डोक्याची कातडी), कोडं सुटलं एकदाचं. महिनाभर मी ‘पाम’ लेबलवाल्या स्लाइडवर घामग्रंथीची नळी वरपर्यंत शोधत होतो आणि दिसायची काय, तर केसांची मुळं. आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, कंडेन्सर वर-खाली केला, आयपीस पुसली, आणि मग एका रात्री ट्यूब पेटली की अरे, तळहाताला केस कुठून येणार! तळहात-तळपायाला केस नाहीत, तेलग्रंथीही नाहीत, आणि इथे तर केसाच्या कडेला फेसासारख्या फिकट पेशींची पिशवी लटकलेली. (फेस दिसतो कारण पेशींतली चरबी स्लाइड बनवताना अल्कोहोल-झायलीनमध्ये विरघळून जाते, मागे नुसती जाळी उरते. तसंही या पेशी तेल बनवून बाहेर टाकत बसत नाहीत, तेलाने भरल्या की अख्ख्या फुटतात.)

मग ‘स्काल्प’ लेबलवाली लावली आणि ४एक्सच्या छोट्या भिंगालाच खात्री पटली. वर मेलेल्या पेशींचा थर एवढा जाड की बाकी एपिडर्मिस (त्वचेचा वरचा भाग) त्याच्यापुढे चिमूटभर, आणि थराच्या तळाशी स्ट्रॅटम ल्युसिडमची (तळहात-तळपायाच्या जाड कातडीतच दिसणारा थर) ती चकचकीत गुलाबी पट्टी. म्हणजे लेबलं उलटी चिकटवलेली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘सर, दोन्ही ह्यूमन स्किनच आहे ना’. यावर काय बोलणार.

असो. आता खऱ्या पामवर. खाली डर्मिस (एपिडर्मिसखालचा जाड थर) संपून चरबी सुरू होते तिथे ग्रंथीचं वेटोळं असतं, पण स्लाइडवर वेटोळं म्हणून ते दिसतच नाही, दिसतो गोल-लांबट तुकड्यांचा घोळका. चकली उभी कापली की जसे कडेकडेने गोल काप दिसतील ना, तसं. आणि यातही दोन प्रकार आहेत हे माझ्या लक्षात यायला तीन संध्याकाळी गेल्या. फिकट, मोठे तुकडे म्हणजे जिथे घाम तयार होतो तो भाग. गडद, लहान, आणि आतल्या भोकाभोवती चौकोनी पेशींच्या बरोब्बर दोन रांगा असलेले तुकडे म्हणजे घाम वर नेणारी नळी, ही नळी जाता जाता घामातलं बरंचसं मीठ परत ओढून घेते. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की मग ४०एक्सची गरजच पडत नाही, १०एक्सलाच ओळखू येतं. (४०एक्सचं नावच काढू नका, त्याला परवा इमर्शन ऑइल (१००एक्सच्या भिंगासाठीचं तेल) लागलं, चूक माझीच, दीड तास पुसत होतो.)

डर्मिसमधून नळी बऱ्यापैकी सरळ वर येते. खरी मजा वरच्या जाड थरात. तिथे ती स्क्रूसारखी फिरत जाते, आणि सेक्शन (स्लाइडवरचा काप) जेमतेम पाच-सहा मायक्रॉनचा असल्यामुळे अख्खा स्क्रू कधीच एका कापात सापडत नाही, सापडतात एकाखाली एक तिरकी भोकं, एक डावीकडे एक उजवीकडे. मी आधी त्यांना सेक्शनिंगच्या चिरा समजून सोडून दिलं होतं!! मागच्या लॉगमधला फोटो परत बघा, डाव्या कोपऱ्यात आहेत.

वाटेत एक बोनस पण मिळाला, चरबीत कांद्याच्या चकतीसारखा पदर-पदरांचा एक गोळा, पॅसिनीचा, म्हणजे मज्जातंतूच्या टोकाभोवतीचा. कंप जाणवतो तो याच्यामुळे.

आता ही नळी बाहेर कुठे उघडते ते स्वतःच्याच बोटावर बघितलं. बोटाचं टोक ४एक्सखाली, वरचा लाइट बंद, बाजूने मोबाइलचा टॉर्च. ठशाच्या रेषा डोंगररांगांसारख्या उठून दिसतात आणि छिद्रं रेषांच्या माथ्यावर असतात, मधल्या घळीत नाही. अर्धा मिनिट श्वास रोखून बसलात तर एकेका छिद्रावर थेंब फुगताना दिसतो, मग शेजारचे दोन थेंब एक होतात आणि घळीत ओघळतात. मी हे जवळजवळ तासभर बघत बसलो होतो. बोटांच्या ठशांचे नमुने १८२३मध्ये ज्या पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने मांडले त्यानेच दहा वर्षांनी घामग्रंथी शोधल्या, ते का, हे त्या तासात कळलं.

शेवटी कागदाचा प्रयोग. बोटाला आयोडिन लावून वाळवलं आणि बाँड पेपरवर दाबलं, कागदात स्टार्च असतो त्यामुळे जिथे घाम तिथे काळा-निळा ठिपका. अर्धा बाय अर्धा सेंटीमीटरच्या चौकोनात ४१ ठिपके. मग मुलीला म्हटलं पाढे विचार. ‘बाबा, एकोणतीस नव्वे?’ २६१ सांगेपर्यंत माझी तारांबळ, आणि पुढच्या कागदावर तेवढ्याच चौकोनात ६३. तळहाताच्या ग्रंथी गर्मीपेक्षा टेन्शनला जास्त दाद देतात हे वाचलं होतं, पण घरातल्यांसमोर असं छापून निघेल असं वाटलं नव्हतं. एकच ट्रायल आहे, दाब कमी-जास्त झाला असेल, आयोडिनही दुसऱ्यांदा लावलं होतं, तेव्हा आकड्यांवर फार जाऊ नका.

कोणाकडे जाड कातडीचे सलग, ओळीने कापलेले सेक्शन असतील तर सांगा. आठ-दहा मिळाले तरी तो स्क्रू कागदावर जोडून काढता येईल.