आमची वाटचाल: आडत्याच्या गाळ्यापर्यंतचा रस्ता

वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातल्या आडत्यांसाठी आम्ही महाप्यातून हिशोबपट्टीचं ॲप चालवतो. आवक, वजन, भाव टाकला की हमाली, तोलाई, वाराई असे खर्च वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी तयार होते. हे ॲप गाळ्यावर पोचतं ते मुख्यतः प्ले स्टोअरमधून. म्हणून स्टोअरमध्ये काय ठेवायचं हे गूगलनेच ठरवावं का, हा आमच्या रोजच्या धंद्याचा प्रश्न आहे.

सुरक्षेपुरतं ठरवावंच. एसएमएसची परवानगी मागताना फोन ‘एसएमएस पाठवणं आणि पाहणं’ असं एकत्रच विचारतो. पट्टी पाठवायला हो म्हटलं, तर बँकेचा ओटीपी वाचण्याचंही दार उघडू शकतं. 2019 पासून गूगलने ही परवानगी, मोजके अपवाद सोडून, फोनच्या मुख्य मेसेज ॲपपुरतीच ठेवली, ते योग्यच केलं. आमचं ॲप मजकूर भरून मेसेज ॲप उघडतं, ‘पाठवा’ आडत्याने दाबायचं. परवानगी लागतच नाही.

पैशाचं मात्र पटत नाही. ॲपमधून डिजिटल वर्गणी घेतली की गूगल 15 टक्के कापतं. भारतात गूगलच्या बिलिंगसोबत पैसे घ्यायची दुसरी सोय ठेवली तरी 11 टक्के द्यावेच लागतात. गूगलचंच बिलिंग वापरायच्या सक्तीवरून भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 936.44 कोटींचा दंड केला. अपिलात मार्च 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आला. आम्ही वर्गणी गाळ्यावरच यूपीआयने घेतो. ॲपमध्ये फक्त लॉगिन असतं, खरेदीचं बटण नाही. नियमात हे बसतं. माल तपासणाऱ्याने गल्ल्यावरही बसावं, हे आम्हाला मान्य नाही.

दुसरा रस्ता हवा, म्हणून एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय ॲप बसवायची फाइल, आम्ही थेटही देतो. इथे घोळ होतो तो सहीच्या किल्लीचा, म्हणजे ॲप आपलंच असल्याची डिजिटल सही जिने होते तिचा. प्लेवर नवं ॲप टाकताना किल्ली गूगललाच बनवू दिली, तर स्टोअरची प्रत आणि आपली एपीके यांच्या सह्या वेगळ्या पडतात. मग एकावर दुसरी बसत नाही; जुनं ॲप काढावं लागतं आणि बॅकअप नसेल तर फोनमधला हिशोब जातो. म्हणून किल्ली आधी स्वतः बनवून प्लेला द्यावी, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. व्हर्जन कोड, म्हणजे ॲपच्या आवृत्तीचा आकडा, हाही दोन्हीकडे एकाच क्रमाने वाढवावा. कमी आकड्याची फाइल फोन घेत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने स्टोअरबाहेरच्या ॲपसाठीही डेव्हलपरची ओळख पटवणं सक्तीचं करण्याचं जाहीर केलं. ओळख द्यायला आमची हरकत नाही. नाव, पत्ता घ्या, पण त्या नोंदीचा उपयोग ॲप अडवायला केला तर कारण लेखी द्या आणि दाद मागायला माणूस ठेवा.