नानांच्या पीसीत तीन अँटीव्हायरस

दोन-तीन वर्षांपूर्वीचा जुलै. सांगलीत चार दिवस सलग पाऊस लागलेला. सकाळी साडेआठला नानांचा फोन आला. "अरे, मशीन चालू करून पाऊण तास झाला, अजून माझी फाइल उघडत नाही. वर धरणक्षेत्रात धो धो चाललाय. लगेच येतोस का?"

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. 2005 च्या महापुरापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, कोयनेचा साठा आणि विसर्ग ते रोज एक्सेलमध्ये भरतात. पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कित्येक घरांनी सामान कधी हलवायचं ते नानांच्या आकड्यांवर ठरवलं होतं. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवली आणि रेनकोट चढवून निघालो.

आधी एकाने येऊन "हार्ड डिस्क गेली, नवा पीसी घ्या" असं सांगितलेलं होतं. मी पहिल्यांदा नानांच्या सगळ्या फाइल्स माझ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मशीन कितीही रडत असलं तरी हे आधी, बाकीचं नंतर. मग हार्ड डिस्कची तब्येत पाहिली. एकही सेक्टर खराब नव्हता. डिस्क ठणठणीत होती, पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या वापराचा आकडा 100 टक्क्यांवरून हलत नव्हता. काही उघडलेलं नसताना!

उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारचा बाण दाबला, तर तीन ढाली दिसल्या. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटीव्हायरस. पहिला पीसीबरोबर आलेला, त्याची मुदत कधीच संपलेली. दुसरा फुकटातला, भाच्याने टाकून दिलेला. तिसरा तीन महिन्यांपूर्वी नानांनी पैसे मोजून आणलेला. तो टाकताना "मशीनमध्ये आधीच दुसरा अँटीव्हायरस आहे" अशी सूचना आली होती, ती कुणीतरी पुढे ढकलली होती.

"नाना, तीन कशाला?"

"एक कुलूप असण्यापेक्षा तीन बरी ना?"

त्यामागचं कारण काकूंनी चहा देताना सांगितलं. काही वर्षांपूर्वी नानांनी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला. परत आला तेव्हा आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. दुकानदाराने तो फॉरमॅट करून दिला आणि दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. हे ऐकून मला खरंच राग आला. तो व्हायरस फोल्डर पुसत नाही, नुसते लपवतो. लपलेलं पुन्हा दाखवणारी ॲट्रिबची एक कमांड दिली असती तर सगळं परत दिसलं असतं. डेटा गेला तो फॉरमॅटमुळे. त्या दिवसापासून नाना जो सांगेल तो अँटीव्हायरस टाकत गेले.

मग मी एक चाचणी घेतली. आयकारची चाचणी फाइल म्हणून एक प्रकार आहे. 68 अक्षरांची एक ओळ. ती काहीही नुकसान करत नाही, पण तिला व्हायरस समजून पकडायचं हे जवळपास सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ठरवून घेतलं आहे. नोटपॅडमध्ये ती ओळ लिहून सेव्ह केली, की क्षणात अँटीव्हायरस ओरडायला हवा. मी सेव्ह केली. काही नाही. मिनिटभर थांबलो. फाइल डेस्कटॉपवर तशीच, तिन्ही ढाली आपापल्या जागी. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडल्यावर उलगडा झाला. सर्व्हिस अचानक बंद पडल्याच्या, 7031 क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. तिसऱ्याची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा भाग, सुरू व्हायची, कोसळायची, विंडोज ती पुन्हा उठवायचं. दर वेळी व्हायरसच्या ओळखीची सगळी यादी डिस्कवरून नव्याने वाचली जायची, डिस्कला क्षणाची उसंत नव्हती. दुसऱ्याची सर्व्हिस 'सुरू होत आहे' या अवस्थेत अडकलेली. पहिल्याने मुदत संपल्यावर पहारा सोडलेला, जागा मात्र सोडली नव्हती. विंडोज 8 पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस विंडोजमध्येच असतो, पण दुसऱ्या अँटीव्हायरसची नोंद झाली की तो आपण होऊन बाजूला होतो. तोही बंद. म्हणजे पूरनोंदींच्या त्या मशीनवर कित्येक दिवस एकही पहारा नव्हता.

नानांना मी म्हटलं, "एका सांडव्याच्या दरवाजावर तीन माणसं नेमली, तिघांना एकमेकांचा पत्ता नाही, तर काय होईल?"

नानांनी कप खाली ठेवला. "दरवाजा मोडेल."

प्रत्येक अँटीव्हायरस विंडोजच्या पोटात आपला एक फिल्टर बसवतो. कुठलीही फाइल उघडली की ती आधी त्याच्या हातातून जाते. दोन फिल्टर असले तर तीच फाइल दोनदा तपासली जाते. पहिल्याने पकडून कोंडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला दिसला, की तो पहिल्याच्याच फोल्डरवर धावून जातो. कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएलटीएमसी लिहिलं की हे फिल्टर रांगेतल्या क्रमांकासकट दिसतात. अँटीव्हायरसवाले 320000 च्या पुढच्या पट्ट्यात बसतात, डिफेंडरचा क्रमांक 328010. नानांच्या मशीनमध्ये त्या पट्ट्यात परक्या कंपन्यांची तीन नावं होती.

आता काढायचं कसं? बाजूला पावसाचा आवाज, नानांची नजर घड्याळावर. तरी घाई केली नाही. तिन्ही कंपन्यांची आपापली काढून टाकायची टूल्स असतात, ती माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली. तिसऱ्याची लायसन्स की वहीत लिहून घेतली, कारण पैसे दिलेले होते आणि नानांना तोच ठेवायचा होता. मग नेटची वायर काढली. एक काढायचा, रीस्टार्ट, मग त्याचं टूल सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरतंच विंडोज चालू असताना, चालवायचं, पुन्हा रीस्टार्ट, मग फिल्टरांची यादी बघायची. पहिला कंट्रोल पॅनलमधून 'यशस्वीरीत्या' गेला, पण यादीत त्याचं नाव शाबूत होतं. टूल चालवल्यावरच गेलं. नुसतं अनइन्स्टॉल करून दुसरा टाकणाऱ्यांची मशीनं इथेच अडकतात.

दुसरा गेला आणि नेट बसलं. वायर लावली, राउटरचे दिवे लागलेले, पण एकही पान उघडेना. त्या अँटीव्हायरसने नेटच्या वाटेवर आपली एक कडी बसवली होती, जाताना ती तुटकी राहिली. नेटशेल या कमांडमधून विन्सॉक, म्हणजे नेटच्या जोडणीची ती वाट, रीसेट केलं, मशीन पुन्हा चालू केलं, तेव्हा पान उघडलं. ती दहा मिनिटं माझ्या पोटात गोळा आला होता, कारण नानांना धरणांचे आकडे नेटवरूनच घ्यायचे होते.

तिसराही एकदा पूर्ण काढला. विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर आपोआप जागा झालेला पाहिला आणि मगच तिसरा नव्याने टाकला. अपडेट, पूर्ण स्कॅन. कपाटातला एक जुना पेन ड्राइव्ह लावला, तर त्यात तोच शॉर्टकटवाला किडा निघाला.

मशीन सव्वा मिनिटात चालू झालं. नानांनी फाइल उघडली, सकाळची पातळी भरली, दोघा-तिघांना फोन करून आकडा सांगितला. मग माझ्याकडे वळले. "ती मघाची 68 अक्षरं पुन्हा लिही."

लिहिली. सेव्हचं बटण दाबतो न दाबतो तोच लाल चौकट आली आणि फाइल नाहीशी झाली. नानांनी अजून एकदा करायला लावलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूंना हाक मारली.

आठवड्याभराने त्यांचा पुन्हा फोन. "झेरॉक्सवाल्याकडून आत्ताच पेन ड्राइव्ह आणला. लावल्याबरोबर लाल चौकट आलीय. मी कशालाही हात लावलेला नाही."

"फॉरमॅट करू नका, नाना. पाच मिनिटांत पोचतो."