बुडोकानमधली उपांत्य फेरी

ऑगस्ट 2019 च्या शेवटच्या आठवड्यात ज्युदोची जागतिक स्पर्धा टोकियोत भरली, तीही निप्पॉन बुडोकान या सभागृहात. आम्ही राहतो निशिकासाईला. तोझाई लाइनवर बसलं की गाडी न बदलता थेट कुदान्शिता. तिथून खंदकावरचा पूल, जुन्या किल्ल्याचा तायासु दरवाजा, झाडांमधून कानठळ्या बसवणारे सिकाडा किडे आणि समोर बुडोकानचं ते अष्टकोनी छप्पर. इतकं जवळ असताना न जाणं मला शक्यच नव्हतं.

ही वास्तू 1964 च्या ऑलिम्पिकसाठी बांधली. ज्युदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तो तेव्हाच. खुल्या गटाचं सुवर्ण जपानचंच, असं सगळे धरून चालले होते. ते नेलं नेदरलँड्सच्या आंतोन गेसिंकनं, आकिओ कामिनागाला पकडीखाली दाबून. जिंकल्याबरोबर आनंदानं मॅटवर धावत येणाऱ्या आपल्याच समर्थकांना गेसिंकनं हात वर करून थांबवलं होतं. जपानी लोक त्या पराभवाइतकीच त्या हाताचीही आठवण काढतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आणखी एक धागा सांगायला हवा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, त्याच वजनगटात सुवर्ण मिळालं ते जपानच्या शोहाची इशी यांना. हे इशी मूळचे ज्युदोपटू. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकवीराला असा एक ज्युदोवाला आडवा आला होता, हे मला जपानला आल्यावर कळलं. तेव्हापासून हा खेळ परका वाटलेला नाही. आणि तसाही कुस्तीवर वाढलेल्या डोळ्यांना तो पटकन समजतो. ताकदीनं, वेगानं आणि ताब्यात ठेवून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर टाकलं की इप्पॉन, म्हणजे चितपट. लढत तिथेच संपली. थोडं कमी पडलं तर वाझा-आरी. चार मिनिटांत निकाल लागला नाही तर गोल्डन स्कोअर, म्हणजे जो आधी गुण घेईल तो जिंकला, आणि त्याला वेळेची मर्यादा नाही.

26 ऑगस्टला पुरुषांचा 66 किलो आणि महिलांचा 52 किलो वजनगट होता. कोबेची आबे भावंडं, हिफुमी आणि उता, एकाच दिवशी उतरणार म्हणून तुडुंब गर्दी. आदल्या वर्षी बाकूमध्ये दोघांनी एकाच दिवशी जागतिक सुवर्ण जिंकलं होतं. माझ्या पुढच्या रांगेत शाळेच्या ज्युदो क्लबची बारीक केस कापलेली मुलं बसली होती. पकडीसाठी झटापट सुरू झाली की त्यांचेही हात नकळत हलायचे.

उपांत्य फेरीत हिफुमीसमोर आला जपानचाच जोशिरो मारुयामा. जागतिक स्पर्धेत एका देशाला काही वजनगटांत दोन खेळाडू उतरवता येतात. ऑलिम्पिकमध्ये मात्र एका गटात एकच. टोकियो ऑलिम्पिक वर्षभरावर आलेलं, त्यामुळे ही लढत नेमकी कशासाठी आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. एरवी आपल्या खेळाडूसाठी ओरडणारे लोक गोंधळून गेले. दोघेही आपलेच, ओरडायचं कोणासाठी? गोल्डन स्कोअर सुरू झाला तशी ती शांतता वाढतच गेली, आणि मारुयामानं वाझा-आरी मिळवून दोन वेळच्या जगज्जेत्याला हरवलं तेव्हा आधी नुसता श्वास सुटल्याचा आवाज झाला, मग टाळ्या. अंतिम फेरीत त्यानं कोरियाच्या किम लिम-ह्वानला हरवून सुवर्ण जिंकलं. हिफुमीला कांस्य. आणि त्याच संध्याकाळी बहिणीला सुवर्ण. तिनं उपांत्य फेरीत कोसोव्होच्या ऑलिम्पिक विजेत्या मायलिंदा केलमेंदीला मागे टाकलं होतं. मला मात्र 66 किलोची खरी अंतिम लढत ती उपांत्यच वाटली, आजही वाटते.

बाकीचे निकाल थोडक्यात सांगते. जपानला वैयक्तिक सुवर्णं चार: उता, मारुयामा, शोहेई ओनो, आकिरा सोने. शिवाय मिश्र सांघिक सुवर्ण. फ्रान्सच्या महिलांनी तीन जिंकली, त्यात क्लारिस आग्बेन्येनू विरुद्ध मिकु ताशिरो ही 11 मिनिटांच्या आसपास चाललेली दमछाक करणारी लढत होती. पोर्तुगालचा जॉर्ज फोन्सेका कर्करोगातून उठून देशाचा पहिला ज्युदो जगज्जेता झाला आणि नाचला. 81 किलोत इस्रायलच्या सागी मुकीला सुवर्ण मिळालं. आधीचा विजेता, इराणचा सईद मोल्लाई, त्याच्यासमोर येऊ नये म्हणून मोल्लाईवर माघारीसाठी त्याच्याच देशातून दबाव आला होता. तो खेळला, उपांत्य फेरीत हरला आणि नंतर मायदेशी न परतता जर्मनीला गेला. पुढे मंगोलियाकडून खेळून त्यानं ऑलिम्पिक रौप्य मिळवलं. इतका भार डोक्यावर घेऊन मॅटवर उभं राहणं म्हणजे काय असेल, याची मला कल्पनाच करवत नाही.

57 किलोत कॅनडाच्या क्रिस्टा देगुचीनं जपानच्या त्सुकासा योशिदाला हरवलं. देगुची जन्मानं जपानच्या नागानोची, वडील कॅनेडियन. कॅनडाचं हे ज्युदोतलं पहिलं जागतिक सुवर्ण. बुडोकाननं तिलाही मनापासून टाळ्या दिल्या.

मारुयामा आणि देगुची या दोन विजेत्यांचं पुढे काय झालं ते निकालांच्या तक्त्यात दिसत नाही. 66 किलोचा प्रश्न सुटेना, म्हणून जपाननं 13 डिसेंबर 2020 ला कोदोकानमध्ये, जिगोरो कानोंनी 1882 मध्ये स्थापन केलेल्या ज्युदोच्या मूळ संस्थेत, मारुयामा आणि आबे यांची एकच निर्णायक लढत ठेवली. प्रेक्षक नाहीत. ती 24 मिनिटं चालली! आम्ही घरी पडद्यासमोर बसून पाहिली, जेवण समोर तसंच राहिलं. आबे जिंकला. 25 जुलै 2021 ला त्याच बुडोकानमध्ये, रिकाम्या खुर्च्यांसमोर, दोन्ही भावंडांनी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. मला आनंद झाला, पण पूर्ण झाला नाही. त्याच्या दीडेक महिना आधीच बुडापेस्टमध्ये मारुयामा दुसऱ्यांदा जगज्जेता झाला होता.

देगुचीलाही टोकियो ऑलिम्पिक मिळालं नाही. कॅनडाची एकमेव जागा जेसिका क्लिमकेटकडे गेली. पण देगुची थांबली आणि 2024 मध्ये पॅरिसला तिनं कॅनडासाठी ज्युदोतलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आणलं. मारुयामा 2022 आणि 2023 या दोन्ही जागतिक स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचला, दोन्ही वेळा समोर आबे होता आणि दोन्ही वेळा आबे जिंकला. पॅरिसलाही आबेच गेला. ज्युदोवर प्रेम करणाऱ्या कोणालाही विचारा, त्या काळातले 66 किलोचे जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू म्हणून हीच दोन नावं येतील. त्यांतला एक ऑलिम्पिकच्या मॅटवर कधी उतरलाच नाही. तिकडे घरी कोणी ज्युदोबद्दल विचारलं, तर मी आबेच्या आधी त्याचं नाव सांगते.